मसावि एक

मृण्मयी गलांडे जलजाल मंडळात नोकरीला लागली त्या दिवसापासून तिला स्वतःचं नाव उरलं नव्हतं. आटपाडीच्या नियंत्रण कक्षात चहा आणणाऱ्यापासून कार्यकारी अभियंत्यापर्यंत सगळ्यांसाठी ती 'शुभांगीबाईंची लेक' होती. बाहेरून कुणी पाहुणा आला की तिच्याकडे बोट दाखवून सांगितलं जायचं, "किल्ल्यांच्या बाई माहितीयेत ना? त्यांची ही मुलगी." पाहुण्याचे डोळे लगेच मोठे व्हायचे. मृण्मयी हसून मान डोलवायची. चिडायचीही, पण मनातल्या मनात. खरं तर तिलाही त्या ओळखीचा अभिमानच होता, आणि तो किती होता हे तिला ज्या आठवड्यात कळलं त्या आठवड्याची ही गोष्ट आहे.

आता जलजाल म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. माणदेशात पाणी लांबून येतं आणि येताना त्याला अडवणारे बरेच मामा भेटतात. मुख्य कालवा, त्याच्या वितरिका, त्यांच्या चाऱ्या, सगळ्यांची मिळून तीनशेच्या वर दारं. पूर्वी प्रत्येक दाराला एक लोखंडी चाक आणि चाकाला एक पाटकरी. पाटकऱ्याची मर्जी असेल तसं पाणी. वरच्या गावात तुडुंब आणि शेवटच्या गावात नुसता ओलावा. मंडळानं दारांना छोटे संगणक बसवले तेव्हापासून दारं आपापसांत बोलू लागली. खालचं दार वरच्या दाराला सांगतं, माझ्याकडे पातळी इतकी उतरली आहे, इतकं पाणी सोड. वरचं दार सोडतं. मध्ये माणूस नाही, त्यामुळे वशिलाही नाही.

पण निरोप खरंच त्या दाराचा आहे, कुणा टग्यानं घरी बसून पाठवलेला नाही, हे वरच्या दारानं ओळखायचं कसं? त्यासाठी प्रत्येक दाराच्या पोटात एक गुप्त किल्ली असते. दार आपल्या निरोपावर तिचा शिक्का उठवतं. शिक्का खरा की खोटा हे पडताळायला तिची जोडीदार लागते, उघडी किल्ली, आणि ती सगळ्यांना खुली असते. जलजालात ती दाराजवळच्या पत्र्यावर चौकोनी नक्षीत कोरलेली होती. कुणाही डाळिंबवाल्यानं बांधावरून उठून यावं, पत्र्यासमोर फोन धरावा आणि दारानं सांगितलेला पाण्याचा आकडा खरा आहे याची खात्री करून घ्यावी. सुरुवातीला लोक रोज करायचे. मग विश्वास बसला आणि फोन खिशातच राहू लागले.

हा विश्वास शुभांगीबाईंनी बसवला होता. जलजालाचं उद्घाटन अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर ठरलं. प्रमुख पाहुण्यांनी एक बटण दाबायचं आणि तीनशे दारं एका क्षणात जागी व्हायची, प्रत्येकानं जागं होताच आपल्या पोटात आपली किल्ली घडवायची, असा बेत होता. होणार नाही, असं बाहेरच्या तज्ज्ञांनी लिहून दिलं होतं. बाईंनी करून दाखवलं. त्यासाठी सहा महिने त्यांनी प्रत्येक संगणकात अक्षराचाही फरक नाही अशी एकसारखी प्रणाली भरली होती आणि सगळी घड्याळं एका ठोक्यावर आणली होती. बाईंचं सगळं कामच तसं. घरातल्या डब्यांचीसुद्धा झाकणं एका रेषेत. मुहूर्ताला बटण दाबलं गेलं आणि भिंतीवरच्या नकाशातले तीनशे लाल दिवे एकदम हिरवे झाले. मांडवात बसलेल्या म्हाताऱ्यांनी फेटे उडवले. तो फोटो नियंत्रण कक्षात अजून आहे: पाहुण्यांचं बोट बटणावर, आणि मागे हिरव्या साडीत, हात जोडून, ओठ घट्ट मिटून हसू दाबणाऱ्या शुभांगीबाई.

त्या निवृत्त झाल्या. आता येत्या अक्षय्य तृतीयेला नियंत्रण कक्षाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. पितळी पाटी करून आली होती आणि कक्षाच्या दारावर पडद्याआड लावूनही झाली होती.

त्याच सुमारास सरकारचा नवा नियम आला की सार्वजनिक कामातल्या सगळ्या यंत्रांच्या गुप्त किल्ल्यांची दरवर्षी तपासणी व्हावी. हे काम मृण्मयीकडे आलं आणि तिनं त्यासाठी 'पारखी' घडवला. नाव तिच्या वडिलांच्या धंद्यातलं. या भागातली निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. तिचे वडील कोईमतूरला. सोनार दागिना न वितळवता कसाला लावतो, तसंच पारखीचं काम होतं. मृण्मयीनं टेबलावरून एक आज्ञा द्यायची की तो सगळ्या दारांच्या संगणकांत फिरून यायचा, किल्ली जागच्या जागी बघायचा आणि एवढंच सांगायचा: कुठल्या जातीची आहे, किती लांबीची आहे, तिची आणि तिच्या जोडीदाराची गाठ खरी आहे की नाही. किल्ली स्वतः कधी बाहेर आणायची नाही. आणायची सोय अशा अवजारांत असते, पण ती मृण्मयीनं पहिल्याच दिवशी बंद करून टाकली होती. एकदा बाहेर आलेली गुप्त गोष्ट कुठल्या ना कुठल्या संगणकाच्या कोपऱ्यात पडून राहते.

पहिल्या फेरीत पारखीनं सगळ्या दारांना पास केलं. कार्यकारी अभियंता बाबरसाहेब खूश झाले.

"बाईंचं काम आहे ते," ते म्हणाले. "त्यात खोट निघाली तर सूर्य पश्चिमेला उगवायचा."

इथंच थांबली असती तर नियमाप्रमाणे काम पुरं झालं होतं. पण मृण्मयीच्या डोक्यात एक हौस शिरली. समारंभात आईच्या हातात नुसता नारळ कशाला? 'जगातल्या सगळ्यांत कडक कसोटीला उतरलेल्या किल्ल्या' असं प्रमाणपत्रच द्यावं. म्हणून तिनं पारखीला नियमात नसलेली एक चाचणी शिकवली. मसाविची.

मसावि म्हणजे आपण सहावीत घासलेला तोच, महत्तम सामाईक विभाजक. या किल्ल्या जुन्या पद्धतीच्या होत्या. शहरांत नव्या जातीच्या आल्या होत्या, पण कालव्याच्या दारापर्यंत नवं काही पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागत होता. जुन्या पद्धतीत दार दोन प्रचंड मूळ संख्या मनाशी निवडतं, त्यांचा गुणाकार करतं, गुणाकार जगाला सांगतं आणि त्या दोन संख्या पोटात ठेवतं. गुणाकारावरून त्या संख्या शोधायच्या म्हटलं तर साध्या संगणकांच्या पिढ्यान्पिढ्या खपतील. पण समजा दोन दारांनी योगायोगानं एक संख्या सारखीच निवडली, तर? मग फोडाफोडीची गरजच नाही. दोन्ही गुणाकारांचा मसावि काढला की ती सामाईक संख्या हातात, आणि साध्या भागाकारानं दोन्ही दारांचं गुपित बाहेर. संख्या कितीही मोठ्या असोत, मसाविला संगणकाला पापणी लवायचाही वेळ लागत नाही. आणि गुणाकार तर पत्र्यावर कोरलेले, कुणीही फोटो काढून न्यावेत.

अशा अफाट संख्यांतून दोघांनी एकच निवडणं जवळजवळ अशक्य. म्हणून दारांच्या कुठल्याही जोडीचा मसावि एक यायला हवा. मृण्मयीनं आज्ञा दिली आणि चहाचा कप उचलला.

शंभरावर जोड्यांपुढे एक नव्हता. पडदाभर लांबलेली एकच संख्या होती, पुन्हा पुन्हा तीच.

चाचणीच चुकली असेल म्हणून तिनं ती उलटसुलट करून पाहिली. उत्तर हललं नाही. मग ती उठून त्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली, आणि पाहुण्यांचं बटणावरचं बोट बघता बघता तिला सगळं कळलं.

संगणकाला आपणहून काही सुचत नाही. मूळ संख्या निवडायची तर त्याला थोडी अंदाधुंदी लागते: कुणी कळ कधी दाबली, चकती किती थरथरली, असलं काहीतरी जे दुसऱ्या कुणापाशी तसंच नसेल. चालत्या यंत्रात ती हळूहळू साठते. नुकत्याच जाग्या झालेल्या यंत्राच्या पोटात ती नसते. आणि इथं तर तीनशे यंत्रं, अक्षराचाही फरक नसलेली, एकाच ठोक्याला, एकाच बटणानं जागी झालेली. पहिली संख्या निवडताना कितीतरी दारांच्या पोटात तेच ते होतं, म्हणून निवडही तीच झाली. दुसरी निवडेपर्यंत कुठं पाणी जरा हललं, कुठं घड्याळ किंचित सरकलं, म्हणून ती वेगळी निघाली, आणि म्हणूनच किल्ल्या वेगवेगळ्या दिसत राहिल्या. जितक्या नेटकेपणानं आईनं ती दारं एकदम उठवली होती, तितक्याच नेटकेपणानं ती उघडी पडली होती.

बाबरसाहेबांनी ऐकून घेतलं आणि आधी खोलीचं दार लावलं.

"कुणी गैरफायदा घेतला तर काय होईल?" त्यांनी विचारलं.

"खालच्या दाराच्या नावानं कुणीही पाणी मागेल आणि वरची दारं देत बसतील. ऐन आवर्तनात, कालव्याला पाणी सुटलेलं असताना, एका गावाचे मळे वाहून जातील आणि शेवटच्या गावांना थेंब मिळणार नाही."

"मग बदल की किल्ल्या! तुझा तो पारखी एका आज्ञेत सगळीकडं जातो न्हवं? तशीच आज्ञा दे, नव्या किल्ल्या कर, वार्षिक देखभाल म्हणून नोंद टाक. कुणाला काय कळतंय? आठवड्यावर समारंभ आलाय, मृण्मयी. पत्रिका वाटून झाल्यात. बाईंनी मला हाताला धरून हे काम शिकवलं. त्यांचंच नाव मी चव्हाट्यावर आणू?"

माणूस वाईट नव्हता, म्हणून तर मृण्मयीला त्याचं बोलणं जास्त जड गेलं. आणि मोहही पडला. एक आज्ञा, आणि आईच्या कानावर काही जाणारच नाही. आई हिरवी साडी नेसून येईल, पडदा उघडेल, टाळ्या घेईल आणि उरलेलं आयुष्य त्या टाळ्यांवर सुखानं काढेल. मृण्मयीनं हो म्हटलं. पण आधी थोड्याच दारांवर करून पाहते, म्हणाली.

तिनं दहाएक दारांना आज्ञा दिली: झोपा, उठा, नवी किल्ली घडवा. मग पारखीला पाठवलं. दोन दारांचा मसावि पुन्हा पडदाभर लांब आला.

तसंच होणार होतं. या जुन्या संगणकांची रचनाच अशी की किल्ली घडते ती फक्त नव्यानं जागं होताना, पोट रिकामं असताना. एका आज्ञेनं सगळ्यांना उठवणं म्हणजे तेच बटण पुन्हा दाबणं. प्रत्येक दार माणसानं जाऊन, आपल्या हातानं, आपापल्या वेळेला उठवायला हवं होतं. तीनशे दारांवर तीनशे माणसं पाठवून गुपचूप काही करता येत नाही.

"म्हणजे सांगावंच लागणार," बाबरसाहेब खुर्चीत मागे टेकले. मग सावरून त्यांनी फोन उचलला आणि सगळी दारं त्या दिवसापासून हाताच्या चाकावर घ्यायला लावली. कुणाचाही निरोप आला तरी दार आता आपणहून हलणार नव्हतं. "तेवढं माझं काम. बाईंना सांगायचं तुझं."

मृण्मयी घरी गेली तेव्हा शुभांगीबाई समारंभाच्या साडीला इस्त्री करत होत्या. लेकीचा चेहरा बघून त्यांनी इस्त्री उभी केली.

"काय झालं?"

मृण्मयीनं आडपडदा ठेवला नाही. ठेवला असता तर आईला दुसऱ्या वाक्याला कळलं असतं. ऐकता ऐकता बाईंचा चेहरा कडक होत गेला.

"तुझा पारखी चुकत असेल."

"नाही गं आई."

"नाही कसं? कपाटात ओढण्यांचा गोळा, टेबलावर कपांची रांग, त्या टेबलावर घडलेलं यंत्र ते. आण इकडं. दोन दारांचे पत्रे दे, मी बघते."

मृण्मयीनं फोनमधले दोन पत्र्यांचे फोटो दिले. बाईंनी लॅपटॉप उघडला आणि पारखीला हात न लावता स्वतःच्या हातानं मसाविच्या ओळी लिहिल्या. मृण्मयीला आठवलं, हा मसावि आईनंच तिला शिकवला होता, वेण्यांच्या दोन रिबिनी सोडून. लांब रिबिनीवर आखूड रिबीन मोजत जायची. जो तुकडा उरेल त्यानं आखूड मोजायची. पुन्हा उरेल त्यानं तो तुकडा. काही उरेनासं झालं की हातातला शेवटचा तुकडा म्हणजे मसावि. पुस्तकात इतकं सोपं कुठं सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात शिक्षिकेनं विचारलं तेव्हा मृण्मयीनं फळ्यापाशी उभं राहून वेणीच सोडली होती.

बाईंनी शेवटची कळ दाबली. उत्तर एक आलं नाही.

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग त्यांनी एकच विचारलं.

"आधी कुणाला सांगितलंस? मला की साहेबांना?"

"साहेबांना."

"मला का नाही?"

"दोष सापडला की आधी कार्यकारी अभियंत्याला कळवायचं, घरी नंतर. असा नियम आहे."

"तो नियम कुणी लिहिलाय माहितीये?"

"तू," मृण्मयी म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आवरेना. "आणि साहेब झाकायचं म्हणाले तेव्हा मी हो म्हटलं, आई. करूनही बघितलं. ते झालं असतं तर मी तुला कधीच सांगितलं नसतं."

शुभांगीबाईंनी तिला रडू दिलं. त्यांचे स्वतःचेही डोळे भरले होते. लाज वाटत होती, फार वाटत होती. आयुष्यात जी एक गोष्ट आपण चोख केली असं त्या समजत होत्या तीच नेमकी फसली होती. पण त्या लाजेच्या शेजारीच दुसरंही काही दाटून येत होतं. आपल्या हातची चूक जगातल्या दुसऱ्या कुणाला सापडली नव्हती, ती हिला सापडली. तीही आपल्याच कौतुकापायी.

"झाकायला गेलीस तेही आधी दहा दारांवर करून बघितलंस ना? तपासल्याशिवाय पुढं गेली नाहीस. एवढं पुरे आहे मला," त्या म्हणाल्या आणि साडी घडी करून ठेवली. "चल, गाडी काढ."

दोघी स्कूटरवरून शेवटच्या दाराशी गेल्या. तिथं रावसाहेब मेटकरी नावाचा जुना पाटकरी चाकाला वंगण लावत बसला होता. यंत्रं आल्यापासून त्याला काही काम नव्हतं, तरी चाक त्यानं आरशासारखं ठेवलं होतं.

"बाई तुमी? अन् ह्यो हुकूम कशापायी निघाला म्हनायचा? चाकावर घ्या म्हंत्यात."

"माझी चूक झाली, अण्णा. ती निस्तरायला आलेय," बाई म्हणाल्या. इतक्या सहज म्हणाल्या की मृण्मयी वळून बघायला लागली.

मेटकऱ्यानं हात पुसले. "चुकतंय मानूस. म्या तर चाक फिरवायचं अजून इसारलो न्हाय. सांगा काय करायचं ते."

मृण्मयी अडली होती ती एकाच ठिकाणी. एकेक करून दारं उठवली तरी पोट रिकामंच असणार. त्यात टाकायला अंदाधुंदी कुठून आणायची? संगणकाला तिथं ना कळफलक, ना माणूस. शुभांगीबाईंची नजर दाराजवळ पाण्यात बसवलेल्या प्रवाहमापकावर होती. त्याचा आकडा छोट्या पडद्यावर स्थिर दिसत होता.

"हा मापक मला पहिल्यापासून छळायचा," त्या हळूच म्हणाल्या. "पाणी सरळ वाहतं कुठं? भोवरे, फेस, मध्येच एखादी काटकी. आकड्याचे शेवटचे अंक सारखे नाचायचे, क्षणभर स्थिर नसायचे. नकाशावर घाण दिसायचं ते. म्हणून मी ते अंक कापून टाकायला लावले."

मृण्मयीनं आईकडे बघितलं आणि आईनं तिच्याकडे.

"ते अजून आत असतील?" मृण्मयीनं विचारलं.

"असणारच. मी फक्त दाखवायचं बंद केलं होतं."

त्या दिवशी मृण्मयीनं शेवटच्या दाराचे कापलेले अंक पुन्हा उघडले. आता दार जागं होताना आधी थोडा वेळ आपल्या पाण्याकडे बघणार होतं, त्याचे नाचणारे अंक पोटात भरून घेणार होतं आणि मगच संख्या निवडणार होतं. कुठल्याही दोन दारांशी पाणी सारखं नाचत नाही. मेटकऱ्यानं चाक फिरवलं, पाणी सुटलं, मग संगणक उठवायचा खटका दाबला. पारखी फिरून आला. या दाराचा दुसऱ्या कुठल्याही दाराशी मसावि: एक.

"आपल्या पान्याची किल्ली," मेटकरी म्हणाला आणि पुन्हा वंगणाच्या डब्याकडे वळला.

हाच बदल मृण्मयीनं मग टेबलावरून बाकीच्या दारांतही भरला. समारंभ रद्द करू, असं बाबरसाहेब म्हणाले. बाईंनी ऐकलं नाही. पाटी मात्र उतरवा, म्हणाल्या. त्यावर मृण्मयी आईशी पहिल्यांदा ऑफिसच्या आवाजात बोलली.

"पाटी राहील. दारं तू घडवलीस. बदलतायत त्या फक्त किल्ल्या."

अक्षय्य तृतीयेला मांडव भरला. प्रमुख पाहुणे आले, त्यांच्यासाठी कुणीतरी सवयीनं तबकात बटणही मांडलं होतं. शुभांगीबाई हिरवी साडी नेसून उभ्या राहिल्या. भाषण त्यांनी कधीच केलं नव्हतं.

"मागं याच मुहूर्तावर मी एका बटणावर सगळी दारं उठवली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. सगळ्यांना एकदम उठवलं म्हणूनच किल्ल्या कच्च्या राहिल्या. पत्र्यावर फोन धरून तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात आणि तो शब्द पक्का नव्हता. आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही, हे आपलं नशीब. ते आलं माझ्या मुलीच्या लक्षात. तिला कुणी करायला सांगितलेली नव्हती ती चाचणी तिनं केली आणि आईचं काम आहे म्हणून उत्तर बदललं नाही." त्यांनी वळून मागे बघितलं. "तुम्ही तिला शुभांगीबाईंची लेक म्हणता. आजपासून मला मृण्मयीची आई म्हणा."

मृण्मयी मागे वायरींच्या गर्दीत उभी होती. तिला कुठं बघावं ते कळेना, म्हणून ती पारखीच्या पडद्याकडे बघत राहिली आणि पडदा तिला काही केल्या नीट दिसेना.

"आता बटण दाबायचं का?" पाहुण्यांनी विचारलं. बिचाऱ्यांचं बोट तयारच होतं.

"आज बटण नाही," बाई म्हणाल्या. "बसा, चहा घ्या. पाटकरी दारांवर गेलेत. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो आपलं दार उठवेल. नव्या किल्ल्यांचे पत्रे मागाहून बसतील."

भिंतीवरच्या नकाशातले लाल दिवे हिरवे होऊ लागले. एक खाली, मग बराच वेळ काही नाही, मग वरच्या वितरिकेत तीन, मग मध्येच कुठंतरी एक. शिस्त अशी कसलीच नव्हती. लोक आधी कुजबुजले, मग आपापल्या गावाचा दिवा शोधू लागले, आणि हिरवा झाला की ओरडू लागले. "आमचं उठलं!" "अरे तुमचा पाटकरी झोपलाय काय?" मांडवात जत्रेसारखा गोंधळ झाला. पाहुणेसुद्धा खुर्ची सोडून नकाशापाशी आले आणि त्यांच्या आजोळच्या गावाचं दार कुठलं ते विचारू लागले.

ऊन उतरेपर्यंत एकच लाल दिवा उरला. मेटकऱ्याच्या चारीवरचं दुसरं दार. शेवटचं त्यानं बाईंसमोरच उठवलं होतं, हेही त्याच्याकडेच होतं. बाबरसाहेब येरझाऱ्या घालू लागले. फोन लावला तर मेटकरी लेकीला स्टँडवर सोडायला गेल्याचं कळलं.

"आज? आत्ता?" साहेबांनी कपाळाला हात लावला. "बाई, इथून उठवू का? एवढं एकच."

"नको," शुभांगीबाई म्हणाल्या. "लेकीला गाडीत बसवू दे. मग येईल तो."

गाडी उशिरा आली असावी. चहाची आणखी एक फेरी झाली. मग कुणाचं लक्ष नसताना तो दिवा हिरवा झाला.

मृण्मयीनं पारखीला पाठवलं. तो सगळ्या दारांवरून फिरून आला, कुणाच्याही किल्लीला बाहेर न काढता. मग प्रत्येक दाराची प्रत्येक दाराशी जोडी लावून ती उत्तरं पडद्यावरून सरकू लागली. एक. एक. एक. एक. आईनं चष्मा लावला आणि शेवटच्या जोडीपर्यंत सगळी वाचली, एकही न गाळता.

"आता ओढ," त्या म्हणाल्या.

मृण्मयीनं दोरी ओढली. पडदा बाजूला झाला. 'शुभांगी गलांडे नियंत्रण कक्ष' ही अक्षरं मावळतीच्या उन्हात चमकली आणि बाबरसाहेबांनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली. टाळ्यांत मृण्मयीला दिसलं की घाईत ठोकलेली पाटी एका बाजूनं बोटभर कलली आहे. आईच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. मृण्मयी लगेच ती सरळ करायला पुढं झाली.

शुभांगीबाईंनी तिचा हात धरला.

"राहू दे तशीच," त्या म्हणाल्या.